लष्कराचं पथक तालुक्यात येतंय: निरोप, मेळावा आणि बातम्यांची तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सैन्यदलाची एक मोटरसायकल मोहीम लवकरच आमच्या तालुक्याच्या गावी एक दिवस थांबणार आहे. माजी सैनिक, वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांना भेटणं हा त्यांचा मुख्य हेतू. सकाळी स्वागत, मग माजी सैनिकांचा मेळावा, दुपारी कॉलेजच्या मुलांशी संवाद आणि मैदानावर काही शस्त्रं व साधनं पाहायला ठेवणार आहेत. स्थानिक माजी सैनिक संघटना, कॉलेजचं एनसीसी पथक आणि आम्ही काही नागरिक मिळून तयारी करतोय. गावोगावी निरोप पोहोचवणं आणि प्रसिद्धी ही दोन कामं माझ्याकडे आली आहेत.

पहिल्या बैठकीत सगळा वेळ कमान कुठे उभारायची, ढोल-ताशा कोणाचा आणि फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो यावरच गेला. डोंगरकडेच्या वाड्यांतली माणसं खाली येणार कशी आणि आल्यावर त्यांच्या हाताला काय लागणार, हे कोणी काढलंच नाही. मला मनापासून वाटतं की हा दिवस त्यांचा आहे. गर्दी झाली, पहिल्या पानावर फोटो आला आणि ज्यांची पेन्शन अडकली आहे ती बाई हार घालून घेऊन तशीच घरी गेली, तर सगळी धडपड वाया जाईल.

ज्यांनी असे कार्यक्रम जवळून पाहिलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पथकाचं नाव, तारीख, मार्ग मुद्दाम लिहीत नाही. कोणाला माहीत असेल तर त्यांनीही इथे लिहू नये ही विनंती.

जुना जवान

कृष्णाकाठ, योग्य टोकाकडून सुरुवात केलीत. मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता गावात माजी सैनिकांची कागदपत्रं बघतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तालुक्यातल्या नोंदणी केलेल्या माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची यादी त्यांच्याकडे असते. यादी तुमच्या हातात देतीलच असं नाही, द्यायलाही नको. त्यात लोकांचे पत्ते-फोन आहेत. पण निरोप त्यांच्यामार्फत जाऊ शकतो. यादीत नसलेले लोकही असतात. फार पूर्वी निवृत्त झालेले, नोंदणीचं नूतनीकरण न केलेले, मुलांकडे राहायला गेलेले. अशांना शोधायला पोलीस पाटील, आशाताई आणि दूध संकलन केंद्र या तीन जागा धरा. दूध घालायला सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी येतंच. तिथे चिकटवलेला कागद सगळं गाव वाचतं.

आता मेळाव्याचं. भाषणं कमी आणि टेबलं जास्त ठेवा. एक स्पर्श प्रणालीचं, म्हणजे पेन्शनचं. एक ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचं. एक सैनिक कल्याण कार्यालयाचं. शक्य झालं तर बँकेचा माणूस. पथकासोबत रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे, प्रतिनिधी येणार का हे आत्ताच विचारून घ्या, कारण खरी गाठ तिथेच बसलेली असते.

ती कशी ते सांगतो. भरतीच्या वेळी किंवा लग्नानंतर जवानाने पत्नीचं नाव जसं सांगितलं तसं सर्व्हिस रेकॉर्डमध्ये चढलं. माहेरचं नाव, टोपणनाव, कधी जन्मतारीख अंदाजाने. आधारवर नाव वेगळं, बँकेत तिसरंच. नवरा आहे तोवर कोणाला फरक पडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज परत येतो. दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीतल्या बदलाचा आदेश, काढावी लागते आणि ती नवऱ्याच्या हयातीतच करून घेणं सोपं असतं. म्हणून मेळाव्याला निवृत्त जवानाने पत्नीला बरोबर आणावं. नुसता जवान आला तर अर्धंच काम होतं. निरोपाच्या कागदावर हे ठळक लिहा.

बरोबर आणायचं ते: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), दोघांचं आधार आणि पॅन, बँक पासबुक, संयुक्त फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स.

आणखी एक. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावायला सांगतात. शेतात राबलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही. म्हातारा पाच वेळा अंगठा पुसून लावतो आणि शेवटी खजील होऊन उठतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं. दोन एनसीसी कॅडेट्सना ते शिकवून टेबलाशी बसवा.

राज्य सरकारने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफी दिली आहे. कित्येक ग्रामपंचायतींत लोकांनी अर्जच केलेला नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्या टेबलावर हा अर्जही ठेवायला सांगा.

धावपटू

सर, भरती पण होणार आहे का त्या दिवशी? आमच्या अकॅडमीतल्या सगळ्या मुलांच्या ग्रुपवर तसा मेसेज फिरतोय.

मोगरा

माझे वडील सेवेत असताना गेले. आई वीरपत्नी म्हणून अनेक कार्यक्रमांना गेली आहे, म्हणून तिच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

बोलावणं आधी आणि घरी येऊन द्यावं. आदल्या रात्री फोन करून "उद्या साडेनऊला या" असं सांगतात, तेव्हा आईला कोणाबरोबर जायचं, परत कसं यायचं, हे काहीच ठरवता येत नाही. गाडी पाठवणार असाल तर परत सोडायची वेळही सांगा. पुढच्या रांगेत खुर्ची देता ते चांगलंच आहे, पण सावलीत द्या आणि स्वच्छतागृह जवळ आहे का ते पाहा. वयस्कर बायका दिवसभर पाणीसुद्धा पीत नाहीत, कारण जायचं कुठे हा प्रश्न असतो.

सत्कार स्टेजवर बोलावून करायचा का, हे तिला विचारा. काहींना आवडतं, अभिमान वाटतो. काहींना त्या दिवसाचं वर्णन माइकवरून ऐकवत नाही. एका कार्यक्रमात निवेदकाने वडील कसे गेले ते सगळं रंगवून सांगितलं आणि कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर. ती रडली, टाळ्या वाजल्या, तो व्हिडिओ अजून फिरतोय. त्यानंतर आईने कार्यक्रमांना जाणं बंद केलं.

तुमच्या पथकातले अधिकारी आणि जवान तिच्याशेजारी बसून दहा मिनिटं बोलले, काय अडलंय ते लिहून घेतलं, तर ते तिला हव्या असलेल्या सत्काराच्या जवळ जाणारं आहे. जमलं तर पथकातल्या दोघांनी एखाद्या घरी जाऊन भेट द्यावी. ज्या अंथरुणाला खिळल्या आहेत त्यांना मेळाव्याचा काय उपयोग?

कृष्णाकाठ

मोगराताई, हे उघडपणे लिहिल्याबद्दल आभार. निवेदनाचा कागद मी स्वतः आधी वाचेन आणि प्रत्येक घरी विचारूनच नाव घेऊ. घरभेटीचं पथकाच्या समन्वय अधिकाऱ्यांना लिहून विचारतो.

बातमीदार

प्रसिद्धीचं मी लिहितो. जिल्हा दैनिकात काम करतो, लष्कराचे काही कार्यक्रम केले आहेत.

लष्कराच्या वतीने कोण बोलणार हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. मुंबई, पुणे, नागपूर इथे संरक्षण विभागाचे जनसंपर्क अधिकारी असतात. पथकाकडून त्यांना कळवलं जाईल, पण तुमच्या समितीनेही पत्र टाकावं. सेवेतल्या माणसाला वाटेल तसं माध्यमांशी बोलता येत नाही, आर्मी रूल्स १९५४ मधला २१वा नियम त्यासाठीच आहे. त्यामुळे उत्साहाच्या भरात एखाद्या जवानासमोर माइक धरून "सीमेवर सध्या काय परिस्थिती आहे" विचारणाऱ्या वार्ताहराला तुम्हीच थांबवलं पाहिजे. त्या बिचाऱ्या जवानाची नोकरी आहे. बोलायला नेमलेला अधिकारी एकच असावा, जागा ठरलेली असावी आणि विषय आधी सांगितलेले असावेत: मोहीम, माजी सैनिकांचे प्रश्न, तरुणांसाठी माहिती. तुमची समिती फक्त समितीच्या कामाबद्दल बोलेल.

बहुतेक आयोजकांचा सगळा जोर कार्यक्रमानंतरच्या बातमीवर असतो. तुमच्या हेतूच्या दृष्टीने आधीची बातमी जास्त मोलाची आहे. कार्यक्रमाच्या चार-पाच दिवस आधी छोटी बातमी द्या: मेळावा कुठे, किती वाजता, कोणती टेबलं, कोणती कागदपत्रं, कोणाला विचारायचं. सुभेदारसाहेबांनी दिलेली यादी जशीच्या तशी छापून आली तर दहा फ्लेक्सचं काम होईल. अर्थात जनसंपर्क अधिकारी संमती देतील तेवढंच लिहायचं. मेळाव्याची जागा-वेळ जाहीर करावीच लागते, पण पथक कुठून येणार, कुठे मुक्काम, पुढे कुठे जाणार, गाड्या किती, यातलं काही नको. आकाशवाणीच्या जवळच्या केंद्रालाही तीच सूचना पाठवा. शेतात आणि गोठ्यात अजून रेडिओ लागतो.

त्या दिवशी: तालुक्याची पानं संध्याकाळी लवकर लागतात. फोटो आणि मजकूर पाचच्या आत मिळाला तर जागा मिळते, आठ वाजता आला तर उद्यावर जातो आणि मग उरतो तो चार ओळींचा चौकट मजकूर. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत चेहरे धुरकट येतात. प्रत्येक फोटोखाली डावीकडून कोण ते लिहा. हुद्दा पथकाकडून कागदावर लिहून घ्या. कर्नल आणि लेफ्टनंट कर्नल, सुभेदार आणि सुभेदार मेजर यात आम्ही वार्ताहर सर्रास गडबड करतो आणि ज्याने त्या हुद्द्यासाठी आयुष्य घातलंय त्याला ते लागतं.

वीरपत्नी आणि वीरमातांच्या मुलाखती हव्याच असतील तर आधी घरच्यांची संमती. मोगराताईंनी लिहिलंय ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं.

सडेतोड

सगळं पटलं, पण एक व्यवहाराची बाजू. मांडव, खुर्च्या, गाड्या, पाणी यांना पैसे लागतात आणि ते स्थानिक पुढारी आणि दुकानदारच देतात. त्यांचा फोटो फ्लेक्सवर लावला तर काय बिघडलं? कृतज्ञता म्हणून तरी लावावा. नाहीतर पुढच्या वेळी कोणी दमडी देणार नाही.

बातमीदार

सडेतोड, देणाऱ्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण एकाच फलकावर वर नेता आणि खाली गणवेशातला जवान, हे चित्र टाळा. केंद्रीय निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये राजकीय प्रचारात संरक्षण दलातल्या लोकांचे फोटो वापरू नका असं सांगितलं आणि मार्च २०१९ मध्ये तेच पुन्हा बजावलं. आयोगाचा मुद्दा साधा होता: सैन्यदलं राजकारणात तटस्थ आहेत. निवडणूक नसतानाही हे तत्त्व बदलत नाही. शिवाय असा फलक दिसला तर पथकाचे प्रमुख स्टेजवर यायला कचरतात, हे मी पाहिलं आहे. तुमच्याकडे एखादी निवडणूक तोंडावर असेल तर तहसीलदारांना लेखी विचारूनच पुढचं करा.

सडेतोड

निवडणुकीचं मान्य. पण ज्याने मांडव दिला तो राजकारणात आहे म्हणून त्याचं नावच घ्यायचं नाही, हे मला अजूनही पटत नाही.

जुना जवान

नाव घ्या ना. आभारप्रदर्शनात सगळ्यांचं घ्या, मदतनिधी देणाऱ्यांचा वेगळा कागद प्रवेशद्वाराशी लावा. फक्त स्टेजवर खुर्ची आणि भाषण नको. भाषणं लांबली की टेबलांची वेळ जाते. लांबून आलेल्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते.

गुरुजी

शाळांबद्दल लिहितो, कारण स्वागताला मुलं उभी करा असा निरोप सगळ्यात आधी आम्हालाच येतो. कृपया लहान मुलांना रस्त्याच्या कडेने तास-दोन तास उन्हात उभं करू नका. पथकाला उशीर होतोच, वाटेत काहीही होतं. चौथीतली मुलं भोवळ येऊन पडतात.

झेंड्यांचंही ठरवा. आपली ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. कागदी झेंडे वाटले तर ते नंतर जमिनीवर टाकून देता येत नाहीत, गोळा करून त्यांचा मान राखून विल्हेवाट लावावी लागते. प्लास्टिकचे आणूच नका. कार्यक्रम संपल्यावर झेंडे गोळा करणारी चार मुलं नेमा, म्हणजे मैदानात तुडवलेले झेंडे दिसणार नाहीत.

त्यापेक्षा एक करता येईल. आठवडाभर आधी शाळाशाळांत चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून घ्या. आमच्याकडे एकदा जवान शाळेत आले होते, तेव्हा पाचवीतल्या मुलीने विचारलं होतं, "बर्फात ओले मोजे वाळवता कुठे?" हवालदारसाहेब पाय कसे जपतात, मोजे कसे बदलतात, बोटं काळी पडायला लागली तर काय करतात, हे अर्धा तास सांगत बसले. शस्त्रांपेक्षा मुलांना ते लक्षात राहिलं. माइकवर आयत्या वेळी प्रश्न मागितले तर तीच ती दोन धीट मुलं बोलतात.

आणि बंदूक हातात घेतलेल्या लहान मुलांचे फोटो शाळेच्या नावासकट समाजमाध्यमांवर टाकणं मला योग्य वाटत नाही. पालकांची परवानगी असल्याशिवाय मुलांचे चेहरे नकोतच.

लेन्सवाला

मी यूट्यूबवर तालुक्याच्या बातम्या देतो. रॅली येतानाचं ड्रोन शूट आणि पूर्ण लाइव्ह करायचा विचार आहे. मोफत करीन, समितीने फक्त परवानगी मिळवून द्यावी.

बातमीदार

लाइव्ह नको. पथक गाव सोडून पुढे गेल्यावर चित्रफीत टाका. तुमचे प्रेक्षक तेवढेच राहतील आणि कोणाला त्यांच्या हालचालीचा थांग लागणार नाही. गाड्यांचे नंबर, गणवेशावरची युनिटची चिन्हं, नकाशे, संपर्काची उपकरणं जवळून दाखवू नका.

ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१ पाहा. ड्रोनच्या नकाशावर तुमचा भाग हिरवा, म्हणजे उड्डाणाला मोकळा, दिसला म्हणून मोकळं रान मिळत नाही, पोलीस अधीक्षक तात्पुरता लाल, म्हणजे उड्डाणाला मनाई असलेला, विभाग जाहीर करू शकतात. पोलीस आणि पथकप्रमुख, दोघांची लेखी परवानगी नसेल तर ड्रोन पेटीतच राहू द्या.

तुमच्याकडे कॅमेरा आहे तर एक काम सुचवतो. टेबलांवर लोकांना काय काय अडचणी येतात त्यावर दोन-तीन मिनिटांच्या माहितीपर फिती करा. चेहरे न दाखवता. पार्ट टू ऑर्डर म्हणजे काय, चेहरा दाखवून हयातीचा दाखला कसा काढायचा. जे येऊ शकले नाहीत त्यांना घरबसल्या उपयोग होईल.

लेन्सवाला

हे आवडलं. सुभेदारसाहेब, तुम्ही समोर बसून समजावून सांगाल का? आवाज तुमचा, हात आणि कागद दिसतील.

जुना जवान

सांगेन. कागद नमुन्याचे घेऊ, कोणाचे खरे नकोत.

धावपटू, तुझं उत्तर राहिलं होतं. त्या दिवशी भरती नाही. हे सगळ्या ग्रुपवर टाक, नाहीतर शेकडो मुलं पहाटेपासून रांग लावतील आणि निराश होऊन जातील. अग्निवीरसाठी नोंदणी फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. आधी संगणकावर सामायिक परीक्षा, त्यात निवड झाली तर मैदानी आणि वैद्यकीय चाचणी. चार वर्षांची सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम ठेवतात. मुलांनी आणि पालकांनी हे नीट समजून घेऊन निर्णय घ्यावा.

"माझी ओळख आहे, काम करून देतो" म्हणणारा माणूस अशा गर्दीत हमखास फिरतो. पथकासोबत फोटो काढतो आणि तोच फोटो दाखवून नंतर पोरांच्या बापाकडून पैसे उकळतो. गरीब घरांनी जमीन विकून दलालांना पैसे दिलेले मी पाहिले आहेत. भरतीत पैसे घेऊन कोणी काही करू शकत नाही, हे अधिकाऱ्यांनी माइकवरून स्वतः सांगावं अशी विनंती करा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं पोरं मानतात.

मुलींनाही बोलवा. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली आहेत, पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. बारावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी तशीच नाशिकला सुरू झाली आहे. तालुक्यातल्या किती मुलींना हे ठाऊक आहे?

धावपटू

धन्यवाद सर. ग्रुपवर टाकलं. आमच्या अकॅडमीतल्या मुली येणार आहेत, त्यांना एनडीएचं विचारायचं आहे.

कृष्णाकाठ

आज पुन्हा बैठक झाली. या धाग्यातलं बरंच वाचून दाखवलं. ठरलं ते सांगतो.

कमान एकच, तिच्यावर फक्त "स्वागत". देणगीदारांची नावं प्रवेशद्वाराशी. यावर बरीच वादावादी झाली, दोघे उठून गेले. त्यांच्याशी मी उद्या जाऊन बोलणार आहे, कारण दोघेही मनापासून काम करणारे आहेत. भाषणं तीन, तीही सगळी मिळून अर्ध्या तासात. टेबलं सकाळपासूनच सुरू, भाषणांसाठी थांबायचं नाही. मैदानाशेजारी रुग्णवाहिका आणि आरोग्य केंद्राच्या परिचारिका. महिलांसाठी फिरतं स्वच्छतागृह नगरपंचायत देणार आहे.

सैनिक कल्याण कार्यालयाने प्रत्येक नोंदलेल्या घरी पत्र पाठवायचं कबूल केलं. आमचं एनसीसी पथक दूध केंद्रं आणि एसटी थांब्यांवर कागद लावेल. रेकॉर्ड ऑफिसचा प्रतिनिधी येण्याबद्दल अजून उत्तर नाही. घरभेटींना पथकाने होकार दिला आहे, पण नावं आम्ही सुचवायची आहेत.

एक प्रश्न उरतो. टेबलांवर अर्ज घेतले, त्या दिवशी सुटले नाहीत, तर पुढे त्यांचा मागोवा कोणी घ्यायचा? पथक तर दुसऱ्या दिवशी पुढे जाणार.

जुना जवान

प्रत्येक टेबलावर वही ठेवा. नाव, सेवा क्रमांक, काम काय, कोणता कागद कमी, पुढे कोणाकडे. एक प्रत सैनिक कल्याण कार्यालयाला, एक माजी सैनिक संघटनेकडे कुलपात. वही उघड्यावर नको, तिचे फोटो तर नकोच. अर्जदाराला चिठ्ठीवर वहीतला अनुक्रमांक लिहून द्या. महिन्यातून एकदा आम्ही दोघे-तिघे बसून एकेक ओळ बघू. पहिली बैठक ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा कार्यालयाचे लोकही तालुक्यात फिरत असतात.

बातमीदार

आणि किती कामं मार्गी लागली ते तेव्हा मला कळवा, नावं न देता. त्याची वेगळी बातमी मी लावून घेतो. ती वाचून उरलेली माणसं कागद घेऊन बाहेर पडतील.

मोगरा

आईला हा धागा वाचून दाखवला. ती विचारते आहे, तुमच्या तालुक्याला लागूनच आमचं गाव आहे, हद्दीबाहेरच्या बायकांनी टेबलाशी आलं तर चालेल का? तिच्या ओळखीच्या दोघींचं नावाच्या स्पेलिंगवरूनच अडलंय.

कृष्णाकाठ

ताई, जरूर या. व्यक्तिगत निरोपातून आईंचा आणि त्या दोघींचा परतीचा रस्ता कळवा, गाडीचं मी बघतो. त्या दोघींनी पीपीओ आणि आधारच्या झेरॉक्स आधीच सुभेदारसाहेबांना दाखवल्या तर त्या दिवशी टेबलाशी वेळ वाचेल.